खुराक कुणाच्या वाट्याचा?

'ताई, नमस्कार. माझं वय ४१. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, घर फुलेवाडीला. बायको पतसंस्थेत नोकरी करते. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा, आई आमच्याजवळच असते. तीन वर्षांपूर्वी शुगर बॉर्डरवर आली म्हणून रंकाळ्यावर चालायला लागलो, चालता चालता पळायला लागलो आणि आता गोव्याच्या हाफ आयर्नमॅनला, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं सलग करायच्या स्पर्धेला, नाव घातलंय. अजून चौदा आठवडे आहेत. झोपायला साडेअकरा होतात, पहाटे चारला उठतो, सातला घरी येतो. तीन दिवस रनिंग, दोन दिवस टँकवर पोहणं. शनिवारी सायकल आणि रविवारी लाँग रन, त्या दोन दिवशी यायला साडेदहा होतात, मग दुपारी जरा पडतो. आठवड्याला सगळे मिळून दहा तास, जास्त नाही. दारू नाही, तंबाखू नाही, पत्त्यांचा डाव नाही. तरी घरात रोज धुसफूस. बायको म्हणते, "तुमचं अंथरूण रंकाळ्यावरच टाका." गेल्या वर्षी गौरीच्या दिवशी सायकलवर पन्हाळा मारून उशिरा आलो, तो विषय अजून निघतो. तिचा देवल क्लबात गाण्याचा क्लास होता, तो वेळ जमत नाही म्हणून जूनपासून बंद आहे, त्यामुळेही जरा चिडचिड करत असेल. आणखी एक. सायकल एक लाख ऐंशी हजाराची आहे, घरात नव्वद सांगितलेत. ताई, तिला कसं पटवू? की सोडून देऊ सगळं?'

सोडू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहायला नको. बॉर्डरवर आलेली शुगर चालून-पळून आवरायला निघालेला माणूस घराला हवाच असतो, आणि तुमच्या बायकोलाही ते कळत असणार. राहिला प्रश्न पटवण्याचा. त्याचं उत्तर देण्याआधी आमच्या घरातली एक गोष्ट सांगते.

माझं माहेर शिवाजी पेठेतलं. थोरले काका पैलवान. गावात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, हे आपण कौतुकानं सांगतो. राजाश्रय गेल्यावर पैलवानांचा खुराक आला कुठून, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. तो आमच्यासारख्या घरांतून आला. दारात दोन म्हशी होत्या. सकाळची धार निघाली की पहिला तांब्या तालमीत जायचा. तूप तिकडं, बदाम तिकडं, थंडाई तिकडं. आम्ही सात भावंडं, चुलत धरून, कोऱ्या चहात दुधाचा थेंब टाकून प्यायचो आणि तक्रार करायची नसते हे आम्हाला पाळण्यातच कळलेलं होतं. बदाम वाटायला काकी. पाट्यावर रोज, वर्षानुवर्षं. तिच्या उजव्या मनगटाला म्हातारपणी कळ यायची, ती त्या पाट्याचीच असं ती म्हणायची.

काकांनी एकदा खासबागेत मोठी कुस्ती मारली. गुलाल, हलगी, खांद्यावर घेऊन मिरवणूक. तो फोटो अजून माहेरच्या सोप्यात आहे. मिरवणूक दारात आली तेव्हा काकी चुलीपुढं होती, कारण मिरवणुकीतली पन्नास माणसं जेवायला येणार होती. काका गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी तिला विचारलं होतं, तुला कधी राग नाही आला? ती म्हणाली, 'राग कशाचा? मला कुणी इचारलंच न्हाई. इचारलं असतं तर मी व्हय म्हटलं असतं.'

तुम्ही गोव्याला नाव कधी घातलंत? आणि घरात कधी सांगितलंत? पत्रात 'नाव घातलंय' एवढंच आहे. माझा अंदाज असा, की ग्रुपवर लिंक आली, चार दोस्तांनी घातलं, तुम्हीही घातलं आणि मग रात्री जेवताना बातमी दिलीत. बातमी दिली म्हणजे विचारलं, असा बऱ्याच नवऱ्यांचा समज असतो. आमच्याही घरात होता.

आमचे हे सायकलवाले. शर्यत नाही, ब्रेव्हे. वेळेत अंतर पुरं करायचं, पहिला-दुसरा नंबर नसतो. पहिल्यांदा २०० किलोमीटर साडेतेरा तासांत. तेव्हा मी स्वतः पुरणपोळी करून वाट बघितली. मग ३०० आलं, वीस तासांचं. मग ४००, सत्तावीस तास, म्हणजे एक अख्खी रात्र रस्त्यावर, आणि इकडं मी फोन उशाशी घेऊन. मग ६००, चाळीस तास. प्रत्येक वेळी मला 'हे शेवटचं' असं वाटत होतं, कारण २०० नंतर ३०० असतं हे मला कुणी सांगितलेलंच नव्हतं. तुमच्या हाफनंतर फुल असते हे तुमच्या बायकोला माहीत आहे का? ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल आणि वर अख्खी ४२ ची मॅरेथॉन, मुदत सतरा तासांची. ग्रुपमधलं कुणीतरी आत्ताच 'पुढच्या वर्षी फुल' म्हणत असेल. तुम्ही हसून मान डोलावली असेल.

असो. मी निवृत्त गणिताची शिक्षिका आहे, तेव्हा तुमचे दहा तास एकदा तपासू द्या. तुमचे दहा तास घड्याळातले आहेत. तेवढे तास पाय हलतात, हात हलतात. घराच्या वहीत हिशेब वेगळा पडतो. पहाटे चार ते सहा घर झोपलेलं असतं, ते मी धरतच नाही. पण सहा ते सात? कुकर, दोन डबे, मुलीची वेणी, मुलाचं रडणं, आईंचा चहा आणि गोळी, शिवाय तिची स्वतःची ऑफिसची तयारी. तो एक तास दिवसातला सगळ्यात महागडा असतो आणि आठवड्यातले पाचही तुम्ही बाहेर काढता. झाले पाच. शनिवार, रविवार सहा ते साडेदहा, साडेचार-साडेचार, म्हणजे नऊ. दोन्ही दुपारी 'जरा पडतो' ते प्रत्येकी दोन तास तरी असणार, चार. बेरीज अठरा. तुम्ही दहा म्हणता, ती अठरा भरते. म्हणून भांडण मिटत नाही. तुम्ही दोघंही खरं बोलता आहात.

आता यात कापता येईल असं किती आहे ते बघा. रंकाळ्यावर मी रोज चालते, तुमच्यासारखी टोळकी बघते. पळणं संपल्यावर स्ट्रेचिंग, मग फोटो, मग कठड्यावर बसून चहा, मग कुणाचं घड्याळ किती दाखवतंय याची चर्चा. रविवारी त्यात मिसळ. मिसळीवर माझा राग नाही, कोल्हापूरकर आहे मी. पण तर्रीचा तास ट्रेनिंगमध्ये धरायचा नसतो. महिन्यातून एक रविवार दोस्तांबरोबर खा. बाकीच्या वेळी खायचीच असेल तर पार्सल बांधून घरी न्या, कट वेगळा, पाव वेगळा, आणि आईंसाठी बिनतिखट काहीतरी.

तुम्हाला नेमकं काय करायचं आहे तेही कागदावर मांडू. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळायचं. एकूण ११३ किलोमीटर. मैलांत ते ७०.३ भरतं म्हणून तुम्ही लोक सेव्हन्टी पॉइंट थ्री म्हणता. मुदत साडेआठ तास. पहिल्यांदाच जाताय, नंबरात यायचं नाही, आनंदात पोचायचं आहे. त्यासाठी आठवड्याला साधारण नऊ तास नीट केले तर पुरतात, शेवटच्या टप्प्यात तीन-चार आठवडे अकरापर्यंत न्यायचे. आणि त्यातला बराच भाग निवांत, शेजाऱ्याशी बोलत बोलत करता येईल इतक्या वेगानं करायचा असतो. रोज ऊर फुटेस्तोवर पळणारे सहा महिन्यांत फिजिओथेरपीला दिसतात.

आमच्या ह्यांना कागद दाखवून मी तुमचा आठवडा पुन्हा मांडला. सोमवार सुट्टी. मंगळवार आणि शुक्रवार टँक, पण साडेसहाला दारात. बुधवारी लांब पळणं, साडेचारला सुरू, सव्वासहाला बंद, चहा घरी. गुरुवारी एक युक्ती आहे. फुलेवाडी ते उद्यमनगर पाच-सहा किलोमीटर होतं. कामावर पळतच जा. कपड्यांचा एक जोड आणि टॉवेल वर्कशॉपवर ठेवा, तिथं आंघोळ करा. ज्या वेळात तुम्ही गाडीवरून गेलाच असता, त्यात थोडी भर घालून व्यायाम होतो आणि सहा ते आठ तुम्ही घरात असता. शनिवारी सायकल, आणि उतरल्या उतरल्या बूट बदलून वीस-तीस मिनिटं पळणं. सायकलवरून उतरलेले पाय पहिल्या दोन किलोमीटरला दुसऱ्या कुणाचे तरी वाटतात, त्याची सवय स्पर्धेआधी लावावीच लागते. हे शनिवारी केलं की रविवारी पुन्हा पळायला जायची गरज उरत नाही. रविवार आख्खा घरचा.

सायकलचं आणखी एक. पावसाळ्यात गगनबावड्याच्या रस्त्याला धुकं, चिखल, वरून उसाच्या ट्रॉल्यांनी केलेले खड्डे. तो ५५ किलोमीटरचा रस्ता मोठा देखणा आहे हे मान्य, पण जुलै-ऑगस्टात एक ट्रेनर घ्या, मागचं चाक अडकवून घरातच पेडल मारायचा, आणि तासभर गॅलरीत बसा. कंटाळवाणं असतं. मुलगा शेजारी तीनचाकी घेऊन बसेल. तलावात पोहायला जात असाल तर एकट्यानं कधीही नाही. आणि चाळिशी ओलांडली आहे, शुगरची पार्श्वभूमी आहे, तेव्हा डॉक्टरांना दाखवून ई.सी.जी. आणि ते म्हणतील तर स्ट्रेस टेस्ट करून घ्या. हा विषय चर्चेचा नाही.

झोपेवर मात्र थांबते. साडेअकरा ते चार म्हणजे साडेचार तास. एवढ्या झोपेवर शरीर व्यायामाचा फायदा पचवत नाही, नुसता थकवा साठवतं. वर उपाशीपोटी पळून येता असा माझा संशय आहे, वजनाच्या काळजीनं. झोप अपुरी आणि पोट रिकामं, मग सव्वासातला मुलीनं कंपास सापडत नाही म्हटलं की कोण ओरडतं? पत्रात तुम्ही बायकोच्या चिडचिडीबद्दल लिहिलंय. स्वतःच्या चिडचिडीबद्दल मुलीला विचारा. नऊ वर्षांचं पोर खरं सांगतं. रात्री साडेनऊला फोन बाहेरच्या खोलीत आणि दहाला दिवा बंद. ते जमत नसेल त्या दिवशीचं पहाटेचं पळणं रद्द. एक दिवस पळलं नाही म्हणून कुणी गोव्यात अर्ध्यातून परत आलेलं नाही.

सणांचं सांगते. तुमचे चौदा आठवडे गणपती, गौरी, नवरात्र, दसरा यांच्यावरून जाणार आहेत. कोल्हापुरात नवरात्र म्हणजे काय ते मी सांगायला नको, अंबाबाईच्या दर्शनाला पाहुणे घरी उतरतातच. तेव्हा कालनिर्णय भिंतीवरून काढा, दोघं शेजारी बसा आणि आधी तिला लाल पेनानं खुणा करू द्या. गौरी आवाहन, गौरी जेवण, त्र्यंबोलीची यात्रा, मुलीचं गॅदरिंग, तिच्या माहेरचं काय असेल ते. मग उरलेल्यात तुम्ही निळ्या पेनानं. बऱ्याच चांगल्या वेळापत्रकांत तीन आठवडे भार वाढवला की चौथा हलका असतो, शरीराला सावरायला. तो हलका आठवडा गौरी-गणपतीवर टाका. कोचनं छापून दिलेला तक्ता गणपती बघून केलेला नसतो. तो सरकवायला हरकत नसते, सरकवायचं सुचायला हवं.

तुमच्या गौरीच्या प्रकरणात मला वाटतं तुम्ही पन्हाळा केलात याचा राग नाहीच. 'आठला येतो' म्हणून गेला असाल आणि साडेदहाला आला असाल, मधे फोन नाही. दारात गौरी यायची, पाऊल काढून झालेली, सासू सारखी विचारतेय आणि ती प्रत्येकाला 'येतीलच एवढ्यात' म्हणतेय. माझ्या अनुभवात माणूस किती वेळ बाहेर आहे यापेक्षा कधी येणार हे माहीत नसणं जास्त छळतं. आमच्याकडं मी एकच नियम केला. वेळ उशिराची सांगा, चालेल, पण सांगितलेली पाळा. दहा म्हटलं की दहा. पंक्चर झालं तर पंक्चर काढायच्या आधी फोन. त्या नियमानंतर ह्यांनी ६०० दोनदा केली आणि मी दोन्ही वेळा झोपले.

आता पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही घाईत लिहून गेलात. तिचा गाण्याचा क्लास जूनपासून बंद आहे, 'वेळ जमत नाही म्हणून'. कुणाचा वेळ जमत नाही? तुमच्या तयारीनं जोर कधी धरला? तुम्हाला ते दिसलं, तुम्ही लिहिलंत, आणि तरी ते तिच्या चिडचिडीचं कारण म्हणून लिहिलंत. माझ्या काकीचा पाटा मला इथं ऐकू आला. तुमच्या तांब्यात दूध आलं ते कुणाच्या तरी चहातून गेलं.

तो क्लास या महिन्यात सुरू करा. आठवड्यातून दोन संध्याकाळी, सहा ते आठ, ती घरी नाही. तुम्ही साडेपाचला शटर ओढायचं. धंदा स्वतःचा आहे, ऑर्डरच्या गर्दीतही टँकची वेळ तुम्ही काढताच. मुलांचा अभ्यास, भाकरी येत नसेल तर खिचडी, आईंचं गुडघ्याचं तेल, सगळं तुमच्याकडं. आणि हे करताना 'डाळ कुठं आहे' असा फोन तिला क्लासमध्ये करायचा नाही, डबे उघडून बघायचे. 'मी तुला मदत करतो' असंही म्हणू नका. ही व्यवस्था तुमच्या स्पर्धेपर्यंतचीच सोय नव्हे हेही आधीच ठरवा, स्पर्धा संपली की क्लास बंद असं व्हायला नको.

महिन्यातून एकदा मजेचा बेत करता येईल. तुम्ही पाचला सायकलवर निघा, वाघबीळचा चढ घ्या, वर-खाली करून हवे तेवढे किलोमीटर भरा. घरचे नऊला गाडीतून पन्हाळ्यावर येतील. झुणका-भाकर, दही, ठेचा, मुलं तटावर पळतील आणि येताना सायकल गाडीवर. पण महिन्यातून एकदाच. दर आठवड्याला केलंत तर ती सहल राहत नाही, बायकोचा सपोर्ट क्रू होतो.

यावरून आठवलं. ही आयर्नमॅनची भानगड काढली ती एका नवरा-बायकोनं. जॉन आणि ज्युडी कॉलिन्स, हवाई बेटांवर, १९७८ साली. पहिल्या वर्षी पंधराजण उतरले, बाराजण पोचले. पाणी-खाणं पुरवायला आयोजक नव्हते, प्रत्येकानं आपला मदतनीस आपणच आणायचा होता. त्या मदतनिसांची नावं आज फारशी कुणाला ठाऊक नाहीत. तुमच्या गोव्याच्या फोटोत तुमचा मदतनीस दिसावा एवढं बघा. तिला तिथं न्या, पण मुलांना सांभाळत उन्हात आठ तास उभी करायला नको. हॉटेल, आईंची सोय, मुलांचं खाणं हे तुम्ही ठरवून ठेवा. शेवटच्या टप्प्याला ती आली तरी पुष्कळ.

आणि फुलचं नाव घालण्याआधी विचारायचं. बातमी द्यायची नाही. ती नाही म्हणाली तर निदान एक वर्ष नाही. माझ्या अंदाजानं ती नाही म्हणणार नाही, पण तो माझा अंदाज झाला, तुम्ही तो गृहीत धरायचा नाही.

राहिली सायकल. पत्रात ती शेवटी, 'आणखी एक' म्हणून आली, तरी ती आधी निपटावी लागेल. नव्वद हजार कुठून आले आणि उरलेले नव्वद कुठून आले, दोन्ही सांगा. पतसंस्थेत काम करणाऱ्या बाईला आकडे लपवून ठेवले जातात याचं मला हसू आलं. दिवसभर दुसऱ्यांची कर्जखाती तपासते ती. तिला कळलेलंच असण्याची शक्यता मी निम्मी धरते. तुम्ही कधी सांगताय याची ती वाट बघत असेल.

हे सदर रविवारी सकाळी येतं. तुमचं नाव मी काढलंय, बाकी पत्र आहे तसं ठेवलंय. फुलेवाडी, मशीन शॉप, देवल क्लब, गोवा एवढं वाचल्यावर तिला ओळख पटायला दोन ओळीसुद्धा लागणार नाहीत. म्हणजे तुमच्याकडं शनिवार रात्रीपर्यंतचा वेळ आहे.